पासंग

दिग्रसहून आर्णीकडे निघालं की पेट्रोल पंपाच्या अलीकडे
एक निळी पत्र्याची टपरी दिसते.
तो माझा धर्मकाटा. साठ टन.
रिकाम्या गाडीचे चाळीस रुपये, भरलेल्या गाडीचे साठ.
अकरा वर्षं सोहारच्या बंदरात हेच केलं:
गाडी चढायची, आकडा थरथरायचा, थांबायचा,
मी बटण दाबायचो.

गाव मला दुबई म्हणतं.
दुबईत मी साडेचार तास होतो, विमान बदलायला.
दोन-तीनदा सांगून पाहिलं.
आता हाक आली की ओ देतो.

सकाळी काट्यावरची माती झाडतो.
रात्रभर त्यावर एक कुत्रं झोपलेलं असतं,
ते वीस भरतं. मी सत्तर.
हा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
दहाच्या खाली काही असतं, हे त्याला मान्यच नाही.

आई सोमवारच्या बाजारात सांबार अन् वांगी विकायची.
तिच्या तराजूच्या हलक्या पारड्याला
चिंधीत बांधलेला एक खडा होता.
कोणी बारीक नजरेनं पाहिलं की ती आधी रिकामी पारडी उचलून दाखवायची,
"पासंग आहे बाई, पाप नाही."

तिकडे कॅम्पात एका खोलीत आम्ही आठ.
तिथल्या राज्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही,
म्हणून आपापल्या देशातल्या निवडणुका
आम्ही रात्री डाळीवर भांडून लढवायचो.
नेपाळचा धनबहादूर तर ताटच सरकवायचा.
मत कोणाचंच नव्हतं. आवाज मात्र फार.

परत आलो, तर अंगणवाडीच्या कुंदाताई मडावी यादी घेऊन आल्या.
माझ्या नावापुढे लिहिलेलं: स्थलांतरित.
"आता तर इथंच हाव न मी," म्हटलं.
त्या म्हणाल्या, "दिसून राह्यले न भाऊ. पण फारम भरा लागते."
फॉर्म भरला. फोटो चिकटवला.
फोटोतला माणूस तिकडचा आहे, शर्टाला कंपनीचं नाव.

टपरीसमोर बाकडं आहे.
त्यावर बसून लोक सरपंचापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना
खुलेआम शिव्या देतात.
पहिल्या महिन्यात मी दचकून मागे पाहायचो.
आता मीही देतो, चव लागली आहे.
मात्र ग्रामसभेला सात जण.
मग शिपाई देवराव रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो.
"सही मारून दे न दुबई, कोरम होऊन नाही राह्यला."
"ठराव कोणता?"
"तुले काय करा लागते? चांगलाच असन."
मी सही केली.
हे कोणाला सांगितलेलं नाही.

तुरीच्या हंगामात एक खेळ चालतो.
भरलेली गाडी मोजताना ड्रायव्हर खाली उतरतो, बिडी पेटवतो.
रिकामी मोजताना मुकाट्यानं वर बसून राहतो.
सत्तर किलो तूर अशी हवेत जाते,
काट्याला सील असतं, आकडा खरा असतो,
पावतीवर माझीच सही.
मला राजकारण कळतं ते एवढंच:
मोजताना कोण उतरतं, कोण बसून राहतं.

परवा दामूशेठ कापसेंची गाडी आली.
ड्रायव्हर उतरला. मी टपरीतून बाहेर आलो.
"वर बस," म्हटलं.
शेठ हसले. "दुबईचा कायदा का रे हा?"
"आईचा," म्हणालो, अन् लगेच वाटलं,
हे जरा नाटकीच झालं.
ड्रायव्हर चढला. माल विकणारी बाई
खाटेवरून उठली नव्हती, तिला कळलंही नाही.
शेठ आता पंपापलीकडच्या दुसऱ्या काट्यावर जातात.
तो वीस रुपये कमी घेतो.

बायको म्हणते, शहाणपणाचं वजन केलंस, आता किराणा उधार आण.
खरं आहे. हातात आलेल्या नोटा
अकरा वर्षांच्या पासंगालाही पुरत नाहीत.

देवराव पुन्हा येतो आहे, सायकलवर, रजिस्टर काखेत.
कुत्रं उठून उभं राहिलं आहे.
आकडा वीसवर आहे, शून्यावर आहे, वीसवर.